पुस्तक परत करताना वाचक काय म्हणतो?

उर्दूत समीक्षेला 'तनकीद' म्हणतात आणि वाचकाला 'कारी'. उर्दू तनकीदीच्या पुस्तकांत कारी हा शब्द पानोपानी भेटतो. कारीला काय वाटेल, कारीची जबाबदारी काय, कारीची अभिरुची कशी घडवावी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण प्रत्यक्ष कारी बोलताना मात्र या पुस्तकांत क्वचितच आढळतो. मराठी समीक्षेचे माझे वाचन मर्यादित आहे. तरी तेथेही परिस्थिती फार वेगळी असावी असे वाटत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. यंत्रमागांच्या शहरातली ही शाळा. बी.एड. करून रुजू झाले तेव्हा वर्गाबरोबर ग्रंथालयाचे कपाटही माझ्या ताब्यात आले. 'ग्रंथालय' हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात दोन लोखंडी कपाटे आणि एक देवघेवीची वही. वहीत तीन रकाने होते : पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. मी चौथा रकाना आखला आणि वर लिहिले, 'कैसी लगी?' पुस्तक परत करताना एक ओळ लिहायची, एवढीच अट. विद्यार्थ्यांनी लिहिले, हळूहळू त्यांच्या आयांनी आणि मोठ्या बहिणींनी तोंडी सांगून लिहवून घेतले. शिक्षकांच्या खोलीतल्या सहकाऱ्यांनीही थट्टेने का होईना लिहिले.

या चौथ्या रकान्याने मला जे शिकवले ते इथे मांडायचे आहे. वाचकाचे मत नेहमी बरोबर असते असा माझा दावा नाही. पण वाचकाची तक्रार हा साहित्याबद्दलचा पुरावा असतो आणि तो फेकून देण्याआधी दोनदा विचारला पाहिजे, एवढे माझे म्हणणे आहे.

सुरुवात प्रेमचंदांच्या 'ईदगाह'पासून करते. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हामिद माहीत नाही असे होत नाही. ईदच्या जत्रेत बाकीची मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद आपल्या तीन पैशांत आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना तिचे हात भाजतात. आयांनी या गोष्टीपुढे 'रोना आया' असे लिहवले. सातवीतल्या एका मुलाने मात्र लिहिले, 'अच्छी नहीं लगी. हामिद ने अपने लिए कुछ नहीं लिया.'

पहिल्यांदा वाचून मला वाईट वाटले. इतकी सुंदर गोष्ट आणि हा असा अभिप्राय! नंतर कळले की हा मुलगा शाळा सुटल्यावर कांड्या भरायला जातो आणि आठवड्याचे पैसे आईच्या हातात देतो. मी त्याला पुन्हा विचारले. तो म्हणाला, "टीचर, सब बोलते हैं हामिद कितना अच्छा. कोई ये नहीं बोलता कि उसको भी खिलौना मंगता था."

मी घरी जाऊन गोष्ट पुन्हा वाचली. प्रेमचंदांनी ते सांगितले आहे. हामिदचे मन खेळण्यांवर जाते, मिठाईवर जाते. शेवटी आजी लहान मुलीसारखी रडते आणि लहान हामिद म्हाताऱ्यासारखा समजूतदार होऊन बसतो. हा शेवट काही निव्वळ आनंदाचा नाही. लहान मुलाला म्हातारे व्हावे लागले, हे दुःख लेखकाने त्यात ठेवले आहे. ते पुसले आम्ही शिक्षकांनी. 'या पाठातून तुम्हाला कोणता बोध मिळतो?' असा प्रश्न विचारून आम्ही त्याग हे उत्तर ठरवून टाकले. त्यागाचे कौतुक ज्याला त्याग करावा लागत नाही तोच मोकळेपणाने करतो. कांड्या भरणाऱ्या त्या मुलाला गोष्ट आवडली नाही. पण ती नीट वाचली होती त्यानेच.

दुसरे उदाहरण उर्दू कादंबरीच्या अगदी आरंभीचे. डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून बहुधा तिचेच नाव घेतले जाते. मराठीत बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' त्याआधी बारा वर्षे, १८५७ साली आली होती. दोन्ही पुस्तकांचे धर्म, समाज आणि प्रश्न निराळे. पण हेतूत मोठे साम्य आहे. दोघांनाही गोष्टीच्या निमित्ताने समाज सुधारायचा होता, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे स्त्रीचे आयुष्य होते. नजीर अहमद यांनी हे पुस्तक आपल्या मुलीसाठी लिहिले. इंग्रज सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. पुढे कित्येक घरांत ते लेकीच्या जहेजमध्ये दिले जाऊ लागले. माझ्या नानीकडेही त्याची एक प्रत होती.

गोष्ट दोन बहिणींची. थोरली अकबरी हट्टी, आळशी, सासर विस्कटून टाकणारी. धाकटी असगरी हुशार, हिशेबी, बुडते घर वर काढणारी. नानी आम्हा मुलींना 'असगरी बनो' म्हणायची. आणि आज माझ्या नववी-दहावीच्या मुली चौथ्या रकान्यात लिहितात, 'अकबरी अच्छी लगी.'

सहकाऱ्यांनी यावर डोक्याला हात लावला. 'मोबाइलने पिढी बिघडवली' हा निकाल लगेच लागला. मी एका मुलीला विचारले, अकबरीत तुला काय आवडले? ती म्हणाली, अकबरी चुकते, भांडते, फसते, म्हणून ती खरी वाटते. असगरी कधी थकत नाही. "टीचर, थकती नहीं ऐसी कोई औरत आपने देखी है?"

या प्रश्नात समीक्षेचा एक जुना सिद्धांत दडलेला आहे. उपदेशासाठी घडवलेले पात्र उपदेश संपला की संपते. उपदेशाच्या हातून निसटलेले पात्र मात्र जगते. नजीर अहमद यांच्याच 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत हे अधिक स्पष्ट दिसते. नसूह नावाचा बाप आजारातून उठतो आणि घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायरीचा शौकीन, मनस्वी. तो ऐकत नाही. बाप त्याची पुस्तके जाळून टाकतो. लेखक उघडउघड बापाच्या बाजूने आहे. कलीमचा शेवटही वाईट होतो. तरीही कादंबरी मिटल्यावर लक्षात राहतो तो कलीम. गेली दीडशे वर्षे वाचक लेखकाच्या इच्छेविरुद्ध कलीमच्या बाजूने उभे राहत आले आहेत. अभिजात कलाकृती कोणती, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे : जिच्यात लेखकाशीच भांडायला वाचकाला जागा सापडते ती.

आता जरा अवघड जागेकडे वळते. आमच्या कपाटात सआदत हसन मंटोच्या निवडक कथांचे एक पुस्तक होते. शाळा सोडून कॉलेजात गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीने ते नेले. परत करायला तिचे वडील आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते आणि एका कथेची पाने कडेने स्टेपलच्या पिना मारून बंद केलेली होती. ते अदबीने म्हणाले, "मॅडम, गंदी किताब है. स्कूल में कायको रखते?" हीच तक्रार ते मुख्याध्यापकांकडेही करून आले होते. त्यानंतर ते पुस्तक माझ्या कपाटातून कार्यालयातल्या कपाटात गेले. मी काही बोलले नाही. नोकरी नवी होती. पण हे न बोलणे मला अजून टोचते.

त्या दिवशी मी त्यांना एवढेच विचारले, की तुम्ही कथा वाचलीत का? मला वाटले होते, ते नाही म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वाचली, रात्री पूर्ण वाचली. त्यानंतर झोप लागली नाही. "मेरे को तीन लड़कियां हैं, मॅडम."

पिना मारलेली कथा होती 'खोल दो'. फाळणीच्या धावपळीत सिराजुद्दीन या म्हाताऱ्याची मुलगी सकीना हरवते. काही तरुण स्वयंसेवक तिला शोधून आणायचे वचन देतात. ते परके नसतात, आपलेच असतात. ती त्यांना सापडतेही. पुढे काय झाले ते मंटो सांगत नाही. दवाखान्यात डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो तेव्हा मूर्च्छेतल्या मुलीच्या हातांची जी हालचाल होते, तिच्यावरून आपल्याला कळते. डॉक्टरला घाम फुटतो. बाप मात्र मुलगी जिवंत आहे या आनंदाने ओरडतो.

ही कथा १९४८ साली लाहोरच्या 'नुकूश' मासिकात आली आणि मासिकावर सहा महिन्यांची बंदी आली. मंटोवर अश्लीलतेचे खटले फाळणीआधीही झाले आणि नंतर पाकिस्तानातही झाले. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'वरही, जी १९४२ साली 'अदब-ए-लतीफ'मध्ये छापली गेली, लाहोरच्या कोर्टात खटला चालला आणि त्या सुटल्या. असल्या खटल्यांत कायदा शब्द शोधतो. कुठला शब्द अश्लील, कुठले वाक्य अश्लील, असे विचारतो. आमच्या या वडिलांना मात्र शब्दांनी झोप उडवली नव्हती. एक बाप दुसऱ्या बापाचा आनंद वाचत होता आणि तो आनंद त्याला सहन होत नव्हता. त्याहून असह्य होते ते आपलेच तरुण. ज्यांच्यावर भरवसा ठेवून आपण मुलींना घराबाहेर पाठवतो, तेच. या भीतीसाठी त्यांच्यापाशी शब्द नव्हता. समाजाने एकच शब्द हाताशी ठेवला होता, 'गंदी'. तो त्यांनी वापरला.

माझ्या मते मंटोला इतका जवळून भिडलेला वाचक मला शिक्षकांच्या खोलीत भेटला नाही. तिथे मंटोची तारीफ करणारे पुष्कळ आहेत. 'मंटो म्हणजे मंटो' म्हणतात आणि चहा पितात. तारीफ करून कथा अंगाबाहेर ठेवणे आणि पिना मारून ठेवणे, या दोहोंत मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते. तरीही पिना चुकीच्याच होत्या. कारण ती कथा मुलीने आधीच वाचली होती. बापलेकीला त्या कथेवर बोलता आले असते. त्यांनी न बोलता पाने बंद केली, शाळेने कपाट बंद केले.

यानंतरची तक्रार आधुनिक साहित्याबद्दलची : 'समझ में नहीं आई.' १९६० नंतर उर्दू कथेत 'जदीदियत' म्हणजे आधुनिकतावादाची लाट आली. १९६६ साली अलाहाबादहून शम्सुर्रहमान फारूकी यांनी सुरू केलेले 'शबखून' हे तिचे मुख्य व्यासपीठ झाले. कथेतून गोष्ट गेली, पात्रांची नावे गेली, प्रतीके आली. वाचक मागे फिरला. समीक्षकांनी म्हटले, वाचक तयार नाही. वाचक म्हणाला, 'कहानी कहां है?'

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' (१९५९) साठेक पानांवर सोडली. म्हणाले, "एकच गौतम, एकच चंपा पुन्हा पुन्हा निरनिराळ्या काळात कसे येतात? हिशेबच लागत नाही." ही कादंबरी मौर्यकाळापासून फाळणीनंतरच्या दिवसांपर्यंत चालते आणि तीच नावे युगायुगांतून परत येतात. सरांची कुरकुर मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण खुद्द इस्मत चुगताईंनी हैदर यांच्या सुरुवातीच्या लेखनातल्या उच्चभ्रू जगाची 'पोम पोम डार्लिंग' या लेखात यथेच्छ थट्टा केली होती.

मी सरांना सुरेंद्र प्रकाश यांची 'बजूका' दिली. सुरेंद्र प्रकाश जदीदियतचेच, मुंबईत राहून लिहिणारे. या कथेत प्रेमचंदांच्या 'गोदान'मधला होरी म्हातारा होऊन परत येतो. पीक कापायला घरच्यांसह शेतावर जातो, तर त्यानेच उभे केलेले बुजगावणे जिवंत होऊन विळ्याने पीक कापत असते आणि आपला वाटा मागते. पंचायत निकाल देते तोही बुजगावण्याच्या बाजूने. सरांनी कथा मधल्या सुट्टीत वाचली आणि शिपायाला बोलावून सांगितली. सरांचे वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होते. 'बुजगावणे म्हणजे कशाचे प्रतीक?' असा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

तेव्हा प्रतीक वाचकाला नको असते हे खरे नाही. शेतात उभे असलेले प्रतीक तो लगेच ओळखतो. हवेत उभे केलेले ओळखत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. ज्या फारूकींनी जदीदियतला वैचारिक बळ दिले, त्यांनीच २००६ साली 'कई चांद थे सर-ए-आसमां' ही भरगच्च, गोष्टींनी ओसंडणारी कादंबरी लिहिली आणि ती वाचकांनी डोक्यावर घेतली, ही घटना मला बोलकी वाटते.

पण इथे वाचकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'आग का दरिया' शेवटी कोणी वाचली? आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका आपांनी. त्यांचे दोन भाऊ कराचीला गेले ते गेलेच. आपांनी कादंबरी शेवटाकडून सुरू केली. राष्ट्रवादी विचारांचा कमाल अखेर पाकिस्तानात जातो आणि नंतर आपल्याच देशात परका होऊन येतो, तो भाग त्यांनी आधी वाचला. मग हा माणूस आला कुठून, हे पाहायला त्या मागे मागे जात राहिल्या. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'मुश्किल है, मगर छोड़ी नहीं जाती.' अवघड पुस्तकालाही दार असते. ते प्रत्येकाला एकाच बाजूला सापडत नाही. सरांची तक्रार खरी होती, पण ती पुस्तकावरचा अखेरचा निकाल नव्हती.

शेवटी अशा मताबद्दल, जे न वाचताच तयार होते. कोकणातल्या एका लग्नात मी मामूंपुढे हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीचे नाव काढले. मामू म्हणाले, "त्यांचं नाव नको काढू." वाचली आहे का, तर नाही. दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, १९७७ साली ते गेले. त्यांच्या चळवळीविषयी समाजात तीव्र मतभेद होते आणि आहेत. पण त्या मतभेदाच्या धुरात कादंबरी दिसेनाशी झाली. बाहेरच्या काही वाचकांनीही तिची अशीच गैरसोय केली. त्यांना चळवळ पसंत म्हणून कादंबरीही न उघडता थोर.

मी मामूंना पुस्तक पाठवून दिले. बऱ्याच दिवसांनी फोन आला. "गाव आपलंच आहे गं. माणसंपण आपलीच. पण इतकी वाईट नव्हती." मला फार आनंद झाला. मत बदलले म्हणून नव्हे. ते फारसे बदललेलेच नव्हते. पण आता ते कादंबरीबद्दलचे मत होते. 'माणसे इतकी वाईट होती का?' यावर वाद घालता येतो, पाने उघडून दाखवता येतात. मलाही त्या कादंबरीतल्या बायकांना बोलायला अधिक जागा हवी होती असे वाटते. मामूंचे आणि माझे अजून त्यावर भांडण चालू आहे.

प्रेमचंदांच्या 'कफन'वर दलित वाचकांनी आणि लेखकांनी घेतलेला आक्षेप मी याच जातीचा मानते. घीसू आणि माधव यांना असे निर्दय, आळशी रंगवणारा माणूस कोण आहे आणि तो कोणाबद्दल लिहितो आहे, हा प्रश्न वाचूनच विचारलेला आहे. मराठी दलित साहित्याने आपल्याला तो विचारायला शिकवले. त्या प्रश्नानंतर 'कफन' पहिल्यासारखी वाचता येत नाही, आणि हे चांगलेच झाले. मात्र २००४ साली दिल्लीत प्रेमचंदांच्या 'रंगभूमी'च्या प्रती जाळल्या गेल्या, तेव्हा मला नसूह आठवतो. राग खरा असू शकतो. पण जळालेल्या पुस्तकाशी भांडता येत नाही, आणि भांडण तर चालू राहायला हवे.

वाचक 'आवडले नाही', 'गंदी', 'समजले नाही', 'नाव नको काढू' असे म्हणतो तेव्हा तो नेमके काय म्हणतो, हे त्याच्या पहिल्या शब्दावरून कळत नाही. दुसरा प्रश्न विचारावा लागतो. कारण विचारल्यावर मुलाच्या नापसंतीतून गोष्टीतले दुःख सापडले, बापाच्या 'गंदी'तून भीती सापडली, सरांच्या कुरकुरीतून शेत सापडले. आपल्या समाजात पुस्तके वाचली जात नाहीत, ही ओरड मी प्रत्येक संमेलनात ऐकते. वाचणाऱ्याला आपण काही विचारतो का, हे मात्र कोणी सांगत नाही.

मंटोचे ते पुस्तक अजून कार्यालयातल्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे नाही. वहीत त्याच्या नावापुढे नेल्याची तारीख आहे, परत केल्याची तारीख आहे. चौथा रकाना कोरा आहे. त्या मुलीला तो भरू द्यावा, आणि तिच्या वडिलांनाही, असा अर्ज मी या वर्षी लेखी करणार आहे.